धुक्याचा जमाखर्च

डिसेंबर १९५२ च्या पहिल्या शुक्रवारी, म्हणजे पाच तारखेस, लंडनच्या अर्ल्स कोर्ट येथील विशाल प्रदर्शनगृहात स्मिथफील्डच्या वार्षिक पशुप्रदर्शनासाठी दूरदूरच्या परगण्यांतून आणलेली गुरे बांधली जात होती. वर्षभर खुराक घालून, खरारा करून, पदकाच्या आशेने वाढविलेली ती उमदी जनावरे त्या दिवशी अकस्मात धापा टाकू लागली, त्यांच्या जिभा बाहेर आल्या, आणि पशुवैद्यांची धावपळ सुरू होऊनही त्यांतील डझनभरांना अखेर मारून टाकणे भाग पडले. काही गुराख्यांनी तर गोणपाटाचे तुकडे व्हिस्कीत भिजवून आपल्या जनावरांच्या नाकपुड्यांवर बांधले, अशी हकीकत त्या काळच्या वृत्तान्तांत नमूद आहे. प्रदर्शन म्हटले की बातमीदार आलेच. त्यांच्या डोळ्यांदेखत जे घडले ते त्यांनी इमानेइतबारे लिहिले, आणि लंडनच्या वाचकांना कळले की शहरावर उतरलेल्या धुक्याने गुरे दगावत आहेत. त्याच रात्री, त्याच धुक्यात, त्याच शहराच्या गल्लीबोळांतील अंधाऱ्या खोल्यांतून माणसेही शेकड्यांनी दगावत होती. परंतु तेथे प्रदर्शन नव्हते, पशुवैद्य नव्हता, आणि बातमीदारही नव्हता.

या प्रदर्शनातील एक विशेष असा की, मेंढ्या आणि डुकरे त्या मानाने सुखरूप राहिली. पुढे शास्त्रज्ञांनी त्याची जी उपपत्ती सुचविली ती मोठी मासलेवाईक आहे. बक्षिसाच्या गुरांचे गोठे सदोदित झाडून-पुसून लख्ख ठेवलेले असत. इतर जनावरांखालचे अंथरूण मात्र वेळच्या वेळी बदलले जात नसे, आणि त्यातून उठणाऱ्या अमोनियाने हवेतील आम्लाचा दंश काहीसा बोथट केला असावा. स्वच्छतेची अशी शिक्षा इतिहासात क्वचितच कोणाला झाली असेल! याहून विलक्षण गोष्ट ही की, हा प्रसंग पहिला नव्हता. १८७३ च्या डिसेंबरात, याच प्रदर्शनाच्या वेळी, ते इस्लिंग्टन येथे भरले असताना अशाच धुक्यात गुरे गुदमरली होती, तेव्हाही गुरांचाच बोभाटा झाला होता, आणि त्या आठवड्यात लंडनमधील मृत्यूंची संख्या किती वाढली याचा हिशेब आकडेतज्ज्ञांच्या दप्तरात बंदिस्त राहिला होता. एकोणऐंशी वर्षांत वृत्तपत्रे कितीतरी पुढे गेली, टेलिफोन आला, आकाशवाणी आली. पण धुक्यात काय दिसते आणि काय दिसत नाही, याविषयीची बातमीची नजर होती तेथेच होती.

लंडनकरांना धुक्याचे भय वाटत नसे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. भय न वाटण्याचे कारण अज्ञान नव्हे. कारण होते अतिपरिचय. १६६१ साली जॉन एव्हलिन या गृहस्थाने दुसऱ्या चार्ल्स राजाच्या चरणी एक पुस्तिका अर्पण करून, दगडी कोळशाच्या धुराने राजधानीची काय अवस्था झाली आहे, याची सविस्तर कैफियत मांडली होती. राजाने ती ऐकून घेतली, आणि कैफियतींचे जे होते तेच तिचे झाले. पुढच्या दोनशे वर्षांत शहर वाढले, चुली वाढल्या, धुरांडी वाढली, आणि त्या पिवळट, वाटाण्याच्या रश्शासारख्या दाट धुक्याला लंडनच्या व्यक्तिमत्त्वाचा एक अलंकार मानण्याची रीत पडली. डिकन्सच्या कादंबऱ्यांतून ते धुके वाहते; शेरलॉक होम्सच्या घोडागाड्या त्यातूनच धावतात; फ्रेंच चित्रकार क्लोद मोने तर केवळ त्या धुक्यातील रंग टिपण्यासाठी लंडनला येऊन राहिला. ज्या वस्तूचे साहित्याने आणि कलेने इतके लाड केले, तिला सामान्य बातमीदाराने खुनाच्या आरोपाखाली पिंजऱ्यात उभे करावे, ही अपेक्षा जरा अवघडच होती.

आणि मग आगटीचे प्रेम! इंग्रजाच्या दिवाणखान्यात धगधगणारी कोळशाची आगटी ही त्याच्या गृहसौख्याची देवता. आपल्याकडे देवघरातील समईला जो मान, तो तिला. ८ डिसेंबर १९४५ रोजी लंडनच्या ‘इव्हनिंग स्टँडर्ड’ या सायंदैनिकात जॉर्ज ऑर्वेल याने उघड्या आगटीची कड घेणारा एक सुंदर लेख लिहिला. युद्धानंतर नव्या घरांत आगटी ठेवावी की विजेची व वायूची उष्णता आणावी, हा तेव्हाचा वाद होता, आणि ऑर्वेलने कुटुंबाला एकत्र बसविणाऱ्या ज्वाळेच्या बाजूने आपले वजन टाकले होते. तो स्वतः क्षयाने खंगत गेला आणि जानेवारी १९५० मध्ये त्याच विकाराने वारला. त्याच्या लेखानंतर बरोबर सात वर्षांनी, त्याच तारखेस, लंडनच्या धुक्यातील मृत्यूंची संख्या कळसास पोहोचली होती. हा योगायोग आहे, यापलीकडे त्यात अर्थ शोधू नये. परंतु वृत्तपत्रातील ललित लेखही लोकांच्या भयाभयाच्या कल्पना घडवीत असतात, आणि पुष्कळदा अग्रलेखांहून अधिक घडवितात, हे त्यावरून दिसते.

धुराविरुद्ध कोणी बोललेच नाही, असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. १८९८ साली सर विल्यम ब्लेक रिचमंड या चित्रकाराने ‘टाइम्स’ पत्रास पत्र लिहून, भर दिवसा पसरणाऱ्या काळोखाची तुलना खग्रास सूर्यग्रहणाशी केली आणि कृतीची मागणी केली; त्या पत्रातूनच धूरनिवारणासाठी झटणारी एक संस्था त्या वर्षी उभी राहिली. चित्रकाराला धुराचा राग यावा हे योग्यच, कारण त्याचा प्रकाश चोरीला जात होता. याच संस्थेतील डॉ. हेन्री दे व्हू यांनी १९०५ साली लंडनच्या एका आरोग्य परिषदेत धूर आणि धुके या दोन्हींना वाचक असे दोन इंग्रजी शब्द एकमेकांत मिसळून ‘स्मॉग’ हा नवा शब्द रूढ केला, आणि वृत्तपत्रांनी तो तत्काळ उचलला. मराठीत ‘धुरके’ हा शब्द किती सहज बनतो! नाव मिळाले म्हणजे निम्मे काम झाले असे नव्हे. पण निनावी संकटाची बातमी होत नाही हेही खरे. तोवर जे होते ते निसर्गाचे धुके होते, आणि निसर्गावर खटला भरता येत नाही. ‘धुरके’ म्हणताच त्यात मनुष्याचा हात आला.

इकडे हिंदुस्थानातही याच सुमारास कायदे झाले. बंगालसाठी १९०५ मध्ये आणि मुंबईसाठी १९१२ मध्ये धुराच्या उपद्रवाविरुद्ध अधिनियम मंजूर झाले, म्हणजे विलायतेतील सर्वव्यापी कायद्याच्या कित्येक वर्षे आधी वसाहतीतील दोन भागांना तो लाभला. परंतु गिरणगावातील माणसाच्या लेखी धुरांड्यातून निघणारा धूर म्हणजे भोंगा वाजला, चूल पेटली; धूर थांबला की टाळेबंदी आणि उपासमार. संपन्नतेसाठी ‘सोन्याचा धूर’ असा वाक्प्रचार ज्या भाषेने घडविला, तिच्या भाषिकांना धुराचे भय शिकविणे सोपे नव्हते. लँकेशायरच्या गिरणी-कामगाराचीही समजूत याहून वेगळी नसावी.

लंडनच्या दुर्घटनेपूर्वी दोन इशारे मिळून चुकले होते, आणि त्या दोहोंचे वृत्तपत्रांत काय झाले हे पाहणे उद्बोधक आहे. पहिला बेल्जममधील म्यूझ नदीच्या खोऱ्यातला. डिसेंबर १९३० च्या आरंभी, वी आणि लीएज या गावांमधील कारखान्यांनी गजबजलेल्या त्या चिंचोळ्या खोऱ्यात पाच दिवस धुके साचून राहिले आणि साठांहून अधिक माणसे मेली. बातमी जगभर गेली, पण कशी? महायुद्धात जर्मनांनी पुरून ठेवलेला विषारी वायू बाहेर पडला असावा, अशा वावड्यांच्या पंखांवर. गूढ होते तोवर बातमी होती. चौकशी समितीने शांतपणे गंधकयुक्त धुराकडे बोट दाखविले, तेव्हा गूढ ओसरले आणि त्याबरोबर वृत्तपत्रांचा रसही. त्या चौकशीत भाग घेतलेले वैद्यकशास्त्रज्ञ फिर्के यांनी पुढे एक साधे त्रैराशिक मांडले: असे धुके लंडनवर उतरले, तर तेथील लोकसंख्येच्या मानाने सुमारे ३,२०० माणसे अकस्मात मरतील. सोळा वर्षांनी खऱ्या ठरलेल्या या भाकिताला शास्त्रीय नियतकालिकाबाहेर फारसा वाचक मिळाला नाही. न घडलेल्या मृत्यूंची बातमी होत नाही.

दुसरा इशारा अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या डोनोरा या चौदा हजार वस्तीच्या गावचा. ऑक्टोबर १९४८ च्या अखेरच्या आठवड्यात तेथील जस्ताच्या आणि पोलादाच्या कारखान्यांचा धूर नदीच्या वळणावर कोंडला. शुक्रवारी संध्याकाळी गावात हॅलोवीनची मिरवणूक निघाली. मिरवणुकीतील माणसे प्रेक्षकांना सावल्यांसारखी दिसत होती. शनिवारी शाळेच्या मैदानावर फुटबॉलचा सामनाही झाला. त्या दिवसांत वीस माणसे मरण पावली आणि सुमारे सहा हजारांना बाधा झाली. परंतु आपल्या गावात काही आक्रीत घडत आहे, हे डोनोराच्या पुष्कळशा रहिवाशांना प्रथम कळले ते वॉल्टर विन्चेल या प्रख्यात वार्ताहराच्या देशभर ऐकल्या जाणाऱ्या नभोवाणीवरील वार्तापत्रातून. शेजारच्या आळीतला मृत्यू शेकडो मैल दूरच्या ध्वनिक्षेपकातून परत घरी यावा, आणि मगच तो खरा वाटावा! दारासमोरचा धूर नेहमीचाच. नभोवाणीवरून आला तेव्हा तो अपघात ठरला.

आता लंडन. डिसेंबर १९५२ चा आरंभ कडाक्याच्या थंडीचा होता, आणि घरोघरी आगट्या रात्रंदिवस पेटत होत्या. युद्धाने देशाची तिजोरी रिती झालेली. चांगला कोळसा परदेशी विकून परकीय चलन मिळवावे आणि घरच्या माणसांनी हलक्या प्रतीचा, भुकटी-खड्यांचा कोळसा जाळावा, अशी सरकारी तजवीज होती. असा हलका कोळसा १ डिसेंबरपासून शिधापत्रिकेच्या जोखडातून मुक्त झाला, आणि ही आनंदवार्ता वृत्तपत्रांनी छापली. चारच दिवसांनी लंडनवर जास्त दाबाची हवा येऊन स्थिरावली. जमिनीलगतची थंड हवा खाली आणि तिच्यावर उष्ण हवेचा थर, अशी कढईवर झाकणी घालावी तशी अवस्था झाली. वाऱ्याची झुळूकही नव्हती. झाकणीखाली लक्षावधी आगट्या, कारखाने, वीजकेंद्रे आणि आगगाड्या जो धूर ओकत होत्या, त्याचा पुढे अंदाज बांधण्यात आला: दररोज सुमारे १,००० टन काजळीचे कण, १४० टन हायड्रोक्लोरिक आम्ल, आणि ३७० टन सल्फर डायऑक्साइड, ज्याचे धुक्याच्या थेंबांत गंधकाम्ल झाले. हीथ्रो विमानतळावर ६ तारखेच्या सकाळपासून जवळजवळ अठ्ठेचाळीस तास दहा मीटरांपलीकडचे काही दिसत नव्हते. आइल ऑफ डॉग्ज या नदीकाठच्या वस्तीत तर चालणाऱ्याला स्वतःची पावले दिसेनात.

वृत्तपत्रांनी या पाच दिवसांत काय छापले? जे छापले ते सगळे खरे होते. बसगाड्यांच्या पुढे वाहक हातात पलिता घेऊन पायी चालत होते आणि अखेर बसगाड्या थांबल्याच. रुग्णवाहिका रस्ता चुकत होत्या. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज विद्यापीठांच्या रानातल्या शर्यतीत पंच ठिकठिकाणी उभे राहून धावपटूंना ओरडून वाट सांगत होते. सॅडलर्स वेल्स नाट्यगृहात ८ तारखेस ‘ला त्राव्हिआता’ या संगीतिकेचा प्रयोग पहिल्या अंकानंतर तहकूब करावा लागला, कारण धुके प्रेक्षागृहात शिरले आणि लोक खोकून बेजार झाले. (फुप्फुसाच्या रोगाने मरणाऱ्या नायिकेची ती कथा, पण त्या रात्री खोकला रंगमंचापुरता राहिला नाही.) पाकीटमारांना आणि घरफोड्यांना सुगी आली, याचीही वृत्ते होती. युद्धकाळी सुरू झालेली छपाईच्या कागदावरील नियंत्रणे तेव्हा उठलेली नव्हती, वृत्तपत्रे मोजक्या पानांची निघत, आणि त्या मोजक्या जागेत धुक्याला जे स्तंभ मिळाले ते गंमत, गैरसोय आणि साहस या तीन रसांनी भरून गेले. पलिता धरलेल्या पोलिसाचे छायाचित्र आजही त्या काळाची खूण म्हणून छापले जाते, आणि ते खरोखरच सुंदर आहे. सुंदर आहे हीच त्यातली अडचण.

मृत्यू मात्र छायाचित्रात येईना. ते एका ठिकाणी घडले नव्हते, एका क्षणी घडले नव्हते. आगगाडी घसरावी, खाण कोसळावी तसा तेथे ढिगारा नव्हता. दम्याचा म्हातारा रात्री खोकत निजला आणि सकाळी उठला नाही. छातीचा विकार असलेले अर्भक तिसऱ्या दिवशी गेले. प्रत्येक घराला वाटले की आपलाच दुर्दैवफेरा. दाखल्यावर डॉक्टराने लिहिले: श्वासनलिकादाह, न्यूमोनिया, हृदयक्रिया बंद. धुके हे मृत्यूचे कारण म्हणून लिहावयाचा स्तंभच त्या नमुन्यात नव्हता. साऱ्या शहराचे चित्र ज्यांच्या नजरेत आधी भरले ते लोक बातमी देणारे नव्हते. शवपेट्या अपुऱ्या पडू लागल्याचे अंत्यविधी करणाऱ्या दुकानदारांना कळले. फुलांचा तुटवडा माळ्यांना जाणवला. आणि तातडीच्या रुग्णांसाठी इस्पितळांत खाटा मिळवून देणारी जी एक मध्यवर्ती व्यवस्था लंडनमध्ये होती, तिच्या टेलिफोनवर बसणाऱ्यांना मागण्यांचा लोंढा दिसला. मंगळवारी ९ तारखेस नैर्ऋत्येचा वारा सुटला, धुके पांगले, बसगाड्या धावू लागल्या, आणि वृत्तपत्रांच्या दृष्टीने प्रकरण संपले.

ते खऱ्या अर्थाने सुरू झाले जन्ममृत्यूनोंदणीच्या कचेरीत. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्याची बेरीज झाली तेव्हा बृहत् लंडनमधील मृत्यू ४,७०३ भरले. आदल्या वर्षीच्या त्याच आठवड्यात ते १,८५२ होते. १८ तारखेस आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनी एका प्रश्नाच्या उत्तरात हे आकडे लोकसभेपुढे ठेवले, आणि आठवड्यापूर्वी ज्या धुक्यात संगीतिका बंद पडली होती, त्याच धुक्यात हजारो माणसे मेली होती, ही गोष्ट वृत्तपत्रांना प्रथमच छापण्याजोग्या स्वरूपात मिळाली. मृत्यू होऊन गेल्यानंतर, प्रेते पुरून झाल्यानंतर, सरकारी कारकुनाच्या बेरजेतून बातमी जन्माला आली. आमच्या मते या साऱ्या इतिहासातील मध्यवर्ती घटना हीच होय. कारण येथून पुढे धुरक्याचे संकट डोळ्यांनी पाहण्याची नव्हे, तर आकड्यांनी जाणण्याची वस्तू झाले, आणि जे लोकांच्या इंद्रियांना रोज जाणवत होते ते पटण्यासाठी त्यांना तक्त्याची गरज पडली.

सरकारची पहिली प्रतिक्रिया सरकारांना साजेशी होती. जानेवारी १९५३ मध्ये डार्टफर्डचे मजूरपक्षीय सभासद नॉर्मन डॉड्स यांनी सभागृहात अशी तुलना केली की, गेल्या वर्षभरात सबंध देशातील रस्त्यांवर जितकी माणसे मेली, त्याहून अधिक एकट्या लंडन परिसरात एका महिन्यात हवेने गुदमरून मेली. ही तुलना मोठ्या चातुर्याची होती, कारण रस्त्यावरील अपघातांना वृत्तपत्रांत कायमची जागा असे आणि वाचकाच्या मनात त्याचे माप तयार होते. उत्तर मिळाले ते असे की, नव्या व्यापक कायद्याची सध्या आवश्यकता दिसत नाही. महिन्या-दोन महिन्यांनंतरही मृत्यूंची संख्या नेहमीपेक्षा चढीच राहिली होती. तिचा खुलासा इन्फ्लुएंझाच्या साथीने करण्यात आला, आणि आरोग्य खात्याच्या १९५४ च्या अहवालात धुक्याच्या खात्यावर सुमारे ४,००० मृत्यू मांडून बाकीचे साथीच्या खात्यावर वळते झाले. जमाखर्चात अशी वळती करून हिशेब मिळविण्याची कला फडनिशीइतकीच जुनी आहे.

परंतु वृत्तपत्रांनी हा विषय आता सोडला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदविलेच पाहिजे. आरंभी आंधळी असलेली बातमी एकदा आकडा हाती लागताच चिवट होते. वैद्यकीय साप्ताहिक ‘लॅन्सेट’ मध्ये जानेवारी-फेब्रुवारी १९५३ मध्ये खाटांच्या मागणीविषयी आणि मृत्यूंविषयी लेख आले. दैनिकांनी त्यांचा सारांश दिला. १९५३ चा हिवाळा जवळ आला तेव्हा ‘पुन्हा धुरके येणार काय?’ हा प्रश्न पानोपानी दिसू लागला. गृहनिर्माणमंत्री हॅरल्ड मॅकमिलन यांनी नोव्हेंबर १९५३ मध्ये मंत्रिमंडळासाठी लिहिलेले एक गुप्त टिपण पुढे दप्तरखाना खुला झाल्यावर प्रकाशात आले. या ना त्या कारणाने धुरक्याने वृत्तपत्रांच्या आणि जनतेच्या कल्पनेचा कब्जा घेतला आहे. आपण फारसे काही करू शकत नाही, पण पुष्कळ काही करीत आहोत असे दाखवू शकतो, आणि आजकाल निम्मी लढाई तीच असते. म्हणून एक समिती नेमावी, असा त्या टिपणाचा आशय. इतके प्रांजळ सरकारी दस्तऐवज विरळा! त्याच महिन्यात हृदयाच्या व फुप्फुसांच्या रुग्णांना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मुखपट्ट्या देण्याची घोषणा झाली, वृत्तपत्रांनी मुखपट्टी लावलेल्या स्त्रीपुरुषांची छायाचित्रे छापली, आणि त्या पट्ट्यांचा उपयोग किती याविषयी वैद्यांनाच शंका असली तरी सरकार काही करीत आहे हे दिसले.

गंमत अशी की, या टिपणाच्या आधीच, जुलै १९५३ मध्ये, जी एक समिती नेमली गेली होती तिने खरोखर काम केले. तिचे अध्यक्ष सर ह्यू बीव्हर हे गिनेस या मद्यव्यवसायाचे व्यवस्थापकीय संचालक. जगातील विक्रमांचा संग्रह करणाऱ्या सुप्रसिद्ध पुस्तकाची मूळ कल्पना याच गृहस्थाची. सर्वांत जलद पक्षी कोणता, या प्रश्नाचे उत्तर सहज कोठे मिळत नाही, याची ज्याला चुटपुट लागते, त्याला आकड्यांचे सामर्थ्य ठाऊक असणारच. बीव्हर समितीने नोव्हेंबर १९५४ च्या अहवालात धुराचे मोल पौंडांत मांडले: इमारतींची झीज, धुलाई, गंज, वाया गेलेले इंधन आणि कार्यक्षमतेतील घट मिळून दर वर्षी सुमारे २५ कोटी पौंड. चार हजार प्रेतांनी जे खजिन्याला पटले नव्हते ते या रकमेने पटू लागले, आणि वृत्तपत्रांच्या ठळक मथळ्यांनाही मृत्यूहून हा आकडा अधिक मानवला. भरघोस मिशांचे हुजूरपक्षीय सभासद जेराल्ड नबारो यांनी १९५५ च्या आरंभी स्वतःचे खाजगी विधेयक आणले, सरकारने स्वतः कायदा करण्याचे वचन दिले तेव्हाच मागे घेतले, आणि ५ जुलै १९५६ रोजी स्वच्छ हवेचा अधिनियम संमत झाला. नगरपालिकांना निर्धूर विभाग मुक्रर करण्याचा अधिकार मिळाला; आगटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा वाटा सार्वजनिक खजिन्याने उचलला.

या कायद्याकडे बारकाईने पाहिले तर त्यावर बातमीच्या नजरेचा ठसा उमटलेला दिसतो. पाच दिवसांच्या बातम्यांत आणि छायाचित्रांत जे होते ते काळे होते; म्हणून कायद्याने काळा धूर पकडला. गंधकाचा वायू डोळ्यांना दिसत नाही, छायाचित्रात येत नाही; त्याच्यावर कायद्याची पकड नाममात्रच राहिली, आणि मोठ्या वीजकेंद्रांसाठी उंच धुरांडी हाच मार्ग पसंत झाला. लंडनचे आकाश उजळले, काजळी झडली, वृत्तपत्रांनी पुन्हा फुलू लागलेल्या झाडांची आणि पुन्हा दिसू लागलेल्या पक्ष्यांची कौतुके लिहिली. उंचावरून निघालेला तो अदृश्य वायू मात्र उत्तर समुद्र ओलांडून स्कँडिनेव्हियाच्या सरोवरांवर उतरत होता; आणि त्याचा उलगडा १९६७ साली स्वान्ते ओदेन या स्वीडिश शास्त्रज्ञाने केला, तो प्रथम कोणत्याही शास्त्रीय नियतकालिकात नव्हे, तर ‘दागेन्स न्यूहेतेर’ या स्टॉकहोमच्या दैनिकात. आम्लवर्षेची ती कथा स्वतंत्र लेखाची धनी आहे. येथे इतकेच, की एका देशाच्या वृत्तपत्रांना जे दिसले नाही ते दुसऱ्या देशाच्या वृत्तपत्राला दिसले, कारण ते त्याच्या अंगणात पडत होते.

लंडनच्या हिशेबाची वही मात्र अजून मिटली नव्हती. डोनोरा गावात वाढलेली एक मुलगी, डेव्हरा डेव्हिस, पुढे रोगपरिस्थितीशास्त्राची अभ्यासक झाली. लहानपणी आपल्या गावाच्या धुरक्याविषयी तिने घरात काही ऐकलेच नव्हते, आणि ते तिला कळले महाविद्यालयात गेल्यावर, पुस्तकातून. मिशेल बेल यांच्यासह तिने २००१ साली लंडनचे जुने तक्ते पुन्हा तपासले, आणि इन्फ्लुएंझाच्या खात्यावर वळते केलेले बहुतेक मृत्यू पुन्हा धुक्याच्या खात्यावर आणून डिसेंबर ते फेब्रुवारी या काळातील मृत्यूंची संख्या सुमारे १२,००० वर नेली. तोवर पाठ्यपुस्तकांत, विश्वकोशांत आणि वृत्तपत्रांच्या स्मरणलेखांत ४,००० हाच आकडा अर्धशतक नांदला होता, कारण एकदा छापलेला आकडा शिलालेखासारखा होतो.

आणखी दोन वर्षांनी या प्रकरणातला सर्वांत मुका साक्षीदार बोलला. लंडनच्या रॉयल लंडन इस्पितळात, १९५२ च्या त्या दिवसांत मेलेल्या काही जणांच्या शवविच्छेदनाच्या वेळी काढून ठेवलेले फुप्फुसांचे तुकडे जपून ठेवलेले होते. २००३ मध्ये ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यात आले. त्यांत काजळीचे गुच्छ होते, शिसे आणि जस्त यांसारख्या धातूंचे कण होते. जो धूर वाऱ्याबरोबर ९ डिसेंबरच्या मंगळवारी लंडनवरून निघून गेला असे त्या दिवशीच्या सायंदैनिकांनी छापले होते, तो एक्कावन्न वर्षे तेथेच बसून होता.